डायरीत ११.४, पडद्यावर १०.९

सोमवारी आमची फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, बंद असते. भट्टी गार, वाळूचा पट्टा थांबलेला, गेटवर एकटा वॉचमन. आणि मी सहा महिने खपून तयार केलेल्या डॅशबोर्डवर, म्हणजे कारखान्याचे आकडे चार्टांत दाखवणाऱ्या पडद्यावर, मात्र सोमवारची निळी पट्टी उभी होती. २.८ टन. सुट्टीच्या दिवशी ओतलेलं लोखंड.

ती पट्टी मला दिसली तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मी चौथ्या दिवशी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत बसले होते. प्रश्न थोरल्या मालकांचा होता. पण तो कुठून आला ते आधी सांगायला हवं.

मी बीकॉम. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या या फाउंड्रीत अकाउंट्सला लागले आणि दोनेक वर्षांत 'एमआयएस' माझ्या गळ्यात पडलं. एमआयएस म्हणजे काय असं आमच्याकडं विचाराल तर 'दहाचा कागद' असं उत्तर मिळेल. रोज सकाळी दहा वाजता मालकांच्या टेबलावर एक कागद जायचा. काल किती टन ओतलं, टनाला किती युनिट वीज लागली, किती कास्टिंग, म्हणजे ओतीव तुकडे, रिजेक्ट झाली, किती माल गेला, कुणाकडून किती येणं आहे. हा कागद चौदा एक्सेल फायलींतून निघायचा. माझ्याआधी जो मुलगा होता त्याने त्यात मॅक्रो, म्हणजे एक्सेलने आपोआप करायच्या कामांच्या सूचना, लिहून ठेवले होते आणि तो चाकणला नोकरी लागली म्हणून निघून गेला होता. एखाद्या फायलीत कुणी एक कॉलम जास्त घातला की कागदावर सगळीकडं हॅश-एनए यायचं आणि मी साडेआठ ते दहा देवाचा धावा करत बसायचे.

२०१९ च्या दिवाळीनंतर धाकटे मालक पुण्यातल्या कुठल्याशा कार्यक्रमाला जाऊन आले आणि आल्या आल्या म्हणाले, "आपल्याला डॅशबोर्ड पाहिजे." लगेच एका कंपनीचे दोघे डेमो द्यायला आले. पडद्यावर अमेरिकेचा नकाशा, त्यावर राज्याराज्यात लहान-मोठे बुडबुडे, बाजूला मोटारसायकलच्या स्पीडोमीटरसारखे तीन काटे. बघायला झकास. पण आमची सगळी गिऱ्हाइकं कागल ते चाकण या पट्ट्यातली. आमचा नकाशा काढला असता तर सगळे बुडबुडे एकमेकांच्या डोक्यावर बसले असते. कोटेशन आलं, थोरल्या मालकांनी चष्मा वर करून आकडा बघितला आणि म्हणाले, "एवढ्यात शॉट ब्लास्टिंगचं मशीन येतंय की."

विषय तिथंच संपला असता. पण धाकट्या मालकांनी मला विचारलं, तुला जमेल का. मी हो म्हणाले. का म्हणाले ते आजही सांगता येत नाही. बहुतेक त्या मॅक्रोंचा राग असावा.

टॅब्लो, क्लिक वगैरे डॅशबोर्ड करायच्या सॉफ्टवेअरची नावं मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. आमच्यासाठी निवड अवघड नव्हती, कारण पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट उतरवून घेता येत होतं आणि ते एक्सेलच्या घरातलंच. गंमत म्हणजे त्याचा निम्मा भाग, पॉवर क्वेरी, माझ्या एक्सेलमध्ये आधीपासूनच होता. एक्सेल २०१६ च्या 'डेटा' टॅबवर ते बटण रोज माझ्या डोळ्यांसमोर असायचं. मी कधी दाबलं नव्हतं. ते दाबलं त्या दिवशी चौदा फायली एका फोल्डरमधून उचलून एकाखाली एक जोडल्या गेल्या, आणि माझा सकाळचा दीड तास वाचला. खरं सांगायचं तर कंपनीने तिथंच थांबायला हरकत नव्हती. पुढचे रंग, चार्ट, पडदे नसते तरी त्या एका बटणाने माझं आयुष्य सुधारलं असतं.

मग नावं. आमच्याकडं एक चार भोकांचं हब आहे, आठ किलोचं. ते मोल्डिंगच्या फायलीत 'हब ४ होल', फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथं, 'हब फोर होल', डिस्पॅचमध्ये गिऱ्हाइकाच्या पार्ट नंबराने, टॅलीत 'हब (नवीन)'. नवीन म्हणजे २०११ साली नवीन. शिवाय काही ठिकाणी नावाच्या शेवटी एक रिकामी जागा, जी डोळ्यांना दिसत नाही पण कॉम्प्युटरला दिसते. एका हबची सात नावं निघाली. २१२ कास्टिंगांचा एकच मास्टर, म्हणजे नावांची पक्की यादी, करायला मला दोन महिने लागले, त्यातला बराचसा काळ मोल्डिंगच्या मामांना "हे आणि ते एकच का?" असं विचारण्यात गेला. मामा म्हणजे मोल्डिंगचे, वाळूचे साचे करणाऱ्या खात्याचे, सुपरवायझर. सगळी फाउंड्री त्यांना मामाच म्हणते, थोरले मालकसुद्धा.

२५ मार्च २०२० ला सगळंच बंद झालं. मी घरी लॅपटॉप आणला, चार जीबी रॅमचा. पॉवर बीआय उघडायला घ्यायचं, तोवर कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्या. त्या दिवसांत डॅक्स शिकले. डॅक्स म्हणजे त्यात हिशेब मांडायची भाषा. दिसायला एक्सेलच्या फॉर्म्युल्यासारखी, त्यामुळं वाटतं येतंय आपल्याला, आणि मग कॅल्क्युलेट नावाचं फंक्शन येतं. एक्सेलमध्ये आकडा एका खान्यात बसलेला असतो, जाऊन बोट ठेवता येतं. इथं आकडा कुठंच बसलेला नसतो. तुम्ही ज्या महिन्यावर, ज्या पाळीवर, ज्या कास्टिंगवर क्लिक कराल त्यानुसार तो त्या क्षणी तयार होतो. हे डोक्यात बसायला मला लॉकडाउन पुरला, इतकंच म्हणते.

ऑगस्टात मी पहिल्यांदा दाखवलं. मास्क लावून, लांब लांब खुर्च्या टाकून. पहिल्याच पानावर थोरले मालक अडले. विक्रीच्या चौकोनात '२.४ एम' लिहिलं होतं.

"एम म्हणजे? मण?"

सगळे हसले. मिलियन म्हणजे दहा लाख, २.४ म्हणजे चोवीस लाख, असं मी सांगितलं. "मग चोवीस लाख लिही की गं. आमच्या बँकेच्या पासबुकात कुठं मिलियन असतंय?" बरोबर होतं. पण त्या चौकोनाच्या सेटिंगमध्ये हजार, मिलियन, बिलियन असलेच पर्याय. लाख नाहीच. शेवटी प्रत्येक रकमेला एक लाखाने भागून शेजारी 'लाखात' असं लिहिलं. आजही तसंच चालू आहे.

मग त्यांनी खिशातून डायरी काढली. ही डायरी मी इतकी वर्षं बघत आले होते. सकाळी सात वाजता ते मेल्टिंगच्या सुपरवायझरला फोन करतात आणि रात्र धरून किती ओतलं ते शाईच्या पेनाने लिहून ठेवतात. कालच्या तारखेवर बोट ठेवून म्हणाले, "माझ्याकडं ११.४. तुझ्याकडं १०.९. अर्धा टन लोखंड कुठं गेलं?"

अर्धा टन लोखंड म्हणजे गमतीची गोष्ट नव्हे. मी नोंदी तपासते म्हणाले. आदल्या दिवशीचं बघितलं तर उलटं, माझ्याकडं जास्त, डायरीत कमी. त्याच्या आदल्या दिवशी तिसरंच. महिन्याची बेरीज मात्र जवळजवळ जुळत होती. म्हणजे लोखंड हरवलं नव्हतं, दिवस हरवला होता. हे मला ती सोमवारची पट्टी बघेपर्यंत कळलं नाही.

तेव्हा रात्री दहा ते सकाळी सहा विजेच्या दरात सवलत मिळायची, त्यामुळं आमची तिसरी पाळी भरगच्च असायची. टनाला सहाशेच्या आसपास युनिट खाणारी इंडक्शन भट्टी सवलतीच्या वेळेत चालवली तर बिलात फरक पडतो, हे सांगायला डॅशबोर्ड लागत नाही. तर रविवारची तिसरी पाळी सोमवारी सकाळी सातला सुटते. मध्यरात्रीनंतर निघालेल्या हीटवर (भट्टीतून एका वेळी निघणारा घाणा म्हणजे हीट) मेल्टर सोमवारची तारीख टाकतो आणि कॉम्प्युटर ती सोमवारच्या खात्यात धरतो. डायरीचा दिवस सात ते सात होता, माझा बारा ते बारा. फाउंड्रीतला प्रत्येक माणूस सात ते सात जगतो. मीच कॅलेंडरवर विसंबले होते. पॉवर क्वेरीत एक कॉलम घातला, प्रत्येक हीटच्या वेळेतून सात तास वजा, आणि उरलेल्यातली तारीख घ्यायची. सोमवार शून्य झाला. ११.४ आला.

दुसऱ्या दिवशी सांगितलं तर थोरले मालक फक्त "हं" म्हणाले आणि डायरी खिशात ठेवली.

वेळेचा आणखी एक घोळ नंतर झाला, तो इथंच सांगून टाकते. रिपोर्ट इंटरनेटवर चढवला की तो जिथं चालतो तिथलं घड्याळ यूटीसीचं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मी मोठ्या हौसेने कोपऱ्यात 'शेवटची नोंद' अशी वेळ टाकली होती. सकाळी आठ वाजता ती पहाटे अडीच दाखवायची. धाकट्या मालकांना वाटलं मी रात्रभर काम करते. मी दोन दिवस तो गैरसमज तसाच राहू दिला.

रिजेक्शनची गोष्ट मात्र इतकी सरळ नव्हती.

जुन्या कागदावर महिन्याचं रिजेक्शन साधारण साडेसहा-सात टक्के असायचं. माझ्या पडद्यावर ४.९ आलं. मी घाबरले. पुन्हा डायरी निघणार. तपासलं तर चूक कागदाची होती, आणि ती किती वर्षांची होती कुणास ठाऊक. समजा हब हजार ओतले, वीस गेले, म्हणजे दोन टक्के. पंपाच्या बॉडी शंभर ओतल्या, दहा गेल्या, म्हणजे दहा टक्के. जुनी फाइल दोन आणि दहाची सरासरी काढून सहा लिहायची. खरं म्हणजे अकराशेतले तीस गेलेत. २.७ टक्के. टक्क्यांची सरासरी काढायची नसते, हे शाळेतलं गणित, पण चौदा फायलींच्या तळाशी एका खान्यात ते लपून बसलं होतं.

मी हे मीटिंगमध्ये समजावून सांगितलं. क्वालिटीच्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचे लोक ऑडिटला आले तेव्हा त्यांच्यासमोर स्लाइड आली: 'रिजेक्शनमध्ये सुधारणा, ६.८ वरून ४.९.' मी चहाच्या कपाकडं बघत बसले.

त्यातही प्रत्येकाचं रिजेक्शन वेगळं. क्वालिटीवाले नगात मोजतात, मेल्टिंगवाले किलोत, अकाउंट्सला फक्त डेबिट नोटचे, म्हणजे परत आलेल्या मालापोटी गिऱ्हाइकाने कापलेले, रुपये कळतात. आठ किलोचं हब आणि नव्वद किलोचं हाउसिंग, दोन्ही एकेक नग. तीन महिने दर शनिवारी यावर वाद झाला. मी शेवटी तिन्ही आकडे एकाखाली एक लावले आणि प्रत्येकाच्या नावापुढं मराठीत लिहिलं: 'नगात', 'वजनात', 'पैशात'. वाद मिटला नाही, पण निदान सगळे एकाच पडद्याकडं बोट करून भांडू लागले.

त्या वर्षातल्या माझ्या सगळ्यात मोठ्या चुकीबद्दल लिहू की नको, असं करत होते. लिहितेच. शॉपफ्लोअरवर एक टीव्ही लावायचं ठरलं. रिपोर्ट दुसऱ्यांना दाखवायचा तर दोन्हीकडं प्रो लायसन्स लागतं, तेव्हा माणशी महिन्याला दहा डॉलरच्या आसपास होतं, आणि मला ते मागायची भीड वाटली. मेनूत 'पब्लिश टु वेब' असा पर्याय दिसला. दाबला, लिंक मिळाली, टीव्हीच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकली, चाललं. लायसन्स नाही, पासवर्ड नाही. मी खूश. दहा-बारा दिवसांनी माझा मावसभाऊ घरी आला होता, तो बंगळूरला याच कामात आहे. त्याला कौतुकाने लिंक पाठवली. त्याने आपल्या फोनवर उघडली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, हे मला कसं दिसतंय?"

वेब म्हणजे अख्खं वेब. ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला आमचा माल, आमची गिऱ्हाइकं आणि तिसऱ्या पानावरचे किलोचे दर, सगळं दिसत होतं. पब्लिश करताना तशी सूचना येते. मी ती वाचली नव्हती. ताटावरून उठून ती लिंक काढून टाकली. सकाळी धाकट्या मालकांना स्वतःहून सांगितलं. ते काही बोलले नाहीत, संध्याकाळी चार लायसन्स घेतली. त्या दहा-बारा दिवसांत कुणी बघितलं की नाही, ते मला कधीच कळणार नाही.

लायसन्स आलं तरी रिपोर्ट रात्री आपोआप ताजा व्हायला आणखी एक गोष्ट लागते. आमचा डेटा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, रिपोर्ट इंटरनेटवर, मध्ये एक गेटवे बसवावा लागतो. तो मी माझ्याच टेबलाखालच्या कॉम्प्युटरवर बसवला. तो कॉम्प्युटर रात्री चालू असला तरच गेटवे चालणार. पहिले चार दिवस चाललं, पाचव्या दिवशी सकाळी लाल खूण. सहाव्या दिवशीही. मी सेटिंग बदलत बसले, पासवर्ड बदलला, गेटवे काढून पुन्हा टाकला. सातव्या दिवशी उशिरापर्यंत थांबले तेव्हा साडेनऊला वॉचमनकाका आले, सगळे पंखे-दिवे बंद केले आणि जाता जाता माझ्या कॉम्प्युटरचं बटण दाबून ठेवलं. "तुम्ही रोज विसरून जाताय ताई," म्हणाले. कागदावर मोठ्या अक्षरांत 'बंद करू नये' लिहून चिकटवलं. तो कागद अजून आहे, कडा पिवळ्या झाल्यात.

टीव्हीचं पहिला आठवडाभर कुणाला काही वाटलं नाही. भट्टीसमोरच्या माणसाला वर बघायला वेळ नसतो. पण आठवड्याच्या शेवटी रिजेक्शनच्या कारणांचा चार्ट लावला. मोठ्यात मोठं कारण वर, मग उतरत्या क्रमाने. आधी सगळ्यात मोठं कारण असायचं 'इतर'. ते बघून धाकट्या मालकांनी सगळ्यांना झापलं होतं, की इतर म्हणजे काय, नीट कारण टाका. आणि आता 'इतर' खरंच खाली आलं होतं. वर होतं 'सँड ड्रॉप'. साच्यात वाळू पडणे. म्हणजे मोल्डिंगचा दोष. तीन आठवडे ते वरच राहिलं.

चौथ्या आठवड्यात मामा ऑफिसात आले. ते ऑफिसात येत नाहीत, पायाला वाळू असते म्हणून. दारातच उभे राहिले.

"ताई, आमची वाळू पडत न्हाई."

मी म्हटलं, मामा, मी काही टाकत नाही, जे लिहिलं जातं तेच दिसतं.

"कोण लिहितंय ते बघायला चल."

गेलो. फेटलिंगच्या शेवटी तपासणीचं टेबल आहे, तिथं एक टॅब ठेवलेला. विशीतला मुलगा, हातात जाड ग्लोव्ह्ज. एक कास्टिंग उचललं, उलटंपालटं केलं, पोटाशी बारीक भोकं दिसली, बाजूला टाकलं. भोकं म्हणजे ब्लोहोल, हे मलाही कळत होतं. टॅबवर कारणांची यादी उघडली, ग्लोव्ह्जच्या बोटाने पहिल्या ओळीवर टेकवलं आणि पुढचं कास्टिंग उचललं. पहिली ओळ 'सँड ड्रॉप' होती. यादी मीच केली होती. कशी? जुन्या कागदावर जशी होती तशी.

"अरे, हे ब्लोहोल होतं ना?"

"पयलं तेच येतंय की मॅडम. खाली सरकवायला ग्लोव्ह काढायला लागतंय. आन् 'इतर' टाकलं तर शिव्या बसतात."

मामा काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडं बघत राहिले. तीन आठवडे त्यांच्या खात्याला मीटिंगमध्ये जे ऐकावं लागलं होतं ते मी लावलेल्या ड्रॉपडाउनमुळं. त्याच संध्याकाळी यादी काढून टाकली आणि टॅबवर सहा मोठे चौकोन केले, प्रत्येकात त्या दोषाचा फोटो. कास्टिंगवरचं भोक आणि फोटोतलं भोक जुळवायचं, बोट टेकवायचं. ग्लोव्ह काढायची गरज नाही. शनिवारच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की मागच्या तीन आठवड्यांचा चार्ट खोटा होता. मामांनी त्यानंतर बोलणं सोडलं नाही, यातच मला सगळं मिळालं.

सँड ड्रॉप खाली गेलं आणि ब्लोहोल वर आलं. आता ब्लोहोलचं एक दुखणं आहे. काही आमच्याकडंच दिसतात, पण बरीच कातडीखाली असतात. गिऱ्हाइकाकडं मशीनिंगला माल गेला, वरचे दोन मिलिमीटर निघाले की भोक उघडं पडतं. तो माल परत येतो पंधरा-वीस दिवसांनी, आणि त्याची डेबिट नोट महिनाअखेरीस गठ्ठ्याने. त्यामुळं माझ्या चार्टवर दर महिन्याच्या पंचविशीनंतर ब्लोहोलचा डोंगर उभा राहायचा. मीटिंगमध्ये त्यावर खल व्हायचा, की महिनाअखेरीला काय बिघडतं? डिस्पॅचची घाई? माणसं दमतात? एकाने तर अमावास्येचंही काढलं. महिनाअखेरीला काहीच बिघडत नव्हतं. महिनाअखेरीला कागद येत होते.

मला हवी होती ओतल्याची तारीख. डेबिट नोटवर ती नसते, तिथं पार्ट नंबर आणि नग एवढंच. पण कास्टिंगवर असते. प्रत्येक तुकड्याच्या अंगावर हीटचा कोड उठवलेला असतो, महिन्याचं अक्षर, तारीख, हीटचा नंबर. आणि परत आलेला माल मागच्या यार्डात पडलेला असतो, पुन्हा भट्टीत जायची वाट बघत. मी तीन दिवस तिथं काढले. हातात वायरब्रश, खडू आणि दोनशे पानी वही. एक हेल्पर तुकडा उलटा करायचा, मी गंज घासून कोड वाचायचे, वाचलेल्यावर खडूने फुली. काही कोड फेटलिंगमध्ये घासले गेलेले. काहींवर बी आणि आठ यांत फरक कळेना, तेव्हा डोळे मिटून बोट फिरवून बघायचं. ३४० तुकड्यांपैकी २९१ वाचता आले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आंघोळीचं पाणी विटकरी रंगाचं झालं होतं.

पॉवर बीआयमध्ये तारखांचा तक्ता एकच, पण त्याला रिजेक्शनच्या तक्त्याशी दोन दोऱ्यांनी बांधता येतं. एक दोरी 'सापडल्याची तारीख', दुसरी 'ओतल्याची तारीख'. त्यांतली एकच चालू राहते, ती सलग रेघेने दिसते, दुसरी तुटक रेघेने. यूजरिलेशनशिप नावाचं फंक्शन लिहून त्या तुटक रेघेला म्हणायचं, आता तू. हे मी लॉकडाउनमध्ये वाचलं होतं आणि कशाला लागणार असं म्हणून सोडून दिलं होतं.

आठवड्याच्या वारांप्रमाणे चार्ट काढला. सापडल्याच्या तारखेने सगळे वार सारखे, थोडं इकडंतिकडं. ओतल्याच्या तारखेवर वळवलं आणि मंगळवारची पट्टी वर गेली. पाळ्यांत तोडलं तर मंगळवारची पहिली पाळी. हीट नंबरावर तोडलं तर पहिल्या दोन-तीन हीट.

सोमवारी फाउंड्री बंद. मंगळवारी सकाळी सगळं गार. लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं भांडं, गार, त्याचं अस्तर ओल धरलेलं, आणि पोअरिंग, म्हणजे ओतणं, सातला सुरू करायची घाई. ओल्या अस्तरात तापलेलं लोखंड पडलं की वाफ होणार आणि ती कुठंतरी अडकणार. मी प्रिंट घेऊन मेल्टिंगला गेले. पोअरिंगचा मुख्य माणूस तंबाखू मळत उभा होता. त्याला मंगळवारची पट्टी दाखवली.

"व्हय. मंगळवारचा पयला माल तसाच असतोय की. त्यात काय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांस्नी ठावं हाय."

मग सांगितलं का नाही, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कुणी विचारलंच नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी महिनाअखेरीच्या डोंगरापुढं मंगळवार कुणाला दिसला असता?

आता लॅडल तापवणारा माणूस मंगळवारी पाचला येतो. त्यासाठी दोन तासांचा ओव्हरटाइम. पहिल्या महिन्यात मंगळवारची पट्टी खाली आली, आणि त्याच महिन्यात अकाउंट्सच्या आमच्या मॅडमनी ओव्हरटाइमच्या रेषेवर बोट ठेवून मला विचारलं, "हे का वाढलंय गं?" त्यांना दोन्ही पानं शेजारी शेजारी लावून दाखवली. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पण पुढच्या महिन्यात परत विचारणार.

दहाचा कागद बंद होऊन आता बरेच दिवस झाले. डेमोतला स्पीडोमीटर धाकट्या मालकांच्या हट्टापायी पहिल्या पानावर अजून आहे, त्याचा काटा कुणी बघत नाही. सकाळी सातला थोरले मालक मेल्टिंगला फोन करतात, डायरीत लिहितात. सव्वासातला मला फोन येतो. मी तेव्हा डबा भरत असते, फोन कानाशी आणि लॅपटॉप ओट्याच्या कडेला.

"माझ्याकडं १२.१. तुझ्याकडं किती?"

"१२.१."

"नक्की?"

"थांबा, पुन्हा बघते."